धोंड्याला नाव नसतं

“काऊन व, अंडे येचून राहिली का?”

आत्याबाईंनी माझ्या टोपलीतला एक दगड उचलला, तळहातावर झेलून पाहिला आणि नदीत भिरकावून दिला. मग दुसरा, मग तिसरा. पोळ्याचा दिवस होता. मोहाळी नदीचा पूर नुकताच ओसरला होता आणि घाटाखाली धुतलेल्या गोट्यांचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता. उमरघाटातल्या साऱ्या बायका त्या पट्ट्यावर ओणव्या झाल्या होत्या. भाजी निवडावी तसे आम्ही दगड निवडत होतो. कुणी गाणं म्हणत होती, कुणी नव्या सुनांची चेष्टा करत होती, आणि खंड्या पक्षी आमच्या डोक्यावरून निळा निळा चमकत मासे मारायला जात होता. त्या दिवसांतल्या मोहाळीइतकी देखणी नदी मी पुन्हा पाहिली नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सरुबाई. दगड कसा निवडायचा ते त्यांनी मला सकाळीच शिकवलं होतं. चपटा घ्यायचा नाही, तो वाऱ्यावर वाहवतो. कोपऱ्याचा घ्यायचा नाही, तो हातातून नीट सुटत नाही. मुठीत भरेल असा, गोल आणि जड घ्यायचा. माझ्या टोपलीत मात्र सगळे लिंबाएवढे होते, आणि ते तसे का होते हे त्यांना सांगावं लागलं नाही.

“तुहा भाऊ उतरनार हाय ना उद्या,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “मी बी सावळीचीच. माह्या भावाचा डोळा याच घाटानं घेतला. त्या सालचे धोंडे म्याच येचले होते.”

एवढं बोलून त्यांनी माझी टोपली रिकामी केली आणि आपल्या टोपलीतले चांगले जड गोटे तिच्यात ओतले.

ज्यांनी आमचा गाव पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ऐलतीरावर आमचं उमरघाट, पैलतीरावर सावळी. मधोमध पाण्यात एक काळा खडक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, त्या खडकावर पळसाचं खोड रोवतात आणि त्याच्या शेंड्याला तांबडं कापड बांधतात. ज्या तीराचा माणूस ते कापड तोडून मातामायच्या देवळात नेईल, त्या तीराचं वर्ष चांगलं. एक तीर माणूस पाठवतो, दुसरा तीर त्याला दगडांनी मारतो. हिला धोंडमार म्हणतात. ही कधी सुरू झाली ते कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर म्हातारे म्हणायचे, माय मागते. बाकीच्या दिवसांत आम्ही एकमेकांच्या मुली करायचो, एकमेकांच्या डोंग्यांत बसून बाजाराला जायचो, एकमेकांच्या मयताला रडायचो.

धोंडमारीचे कायदे लहानपणापासून पाठ असायचे. धोंड्याला नाव नसतं, हा पहिला. दगड कुणाच्या हातचा होता हे विचारायचं नाही, सांगायचं नाही, मनात ठेवायचं नाही. दुसरा कायदा घावाचा. समोरून बसलेला घाव मातामायचा, मागून बसलेला पळपुट्याचा. कपाळावर खूण असलेल्या पोराला मुलगी लवकर मिळायची. माझ्या सोयरिकीच्या वेळी माझ्या बाबांनी जमिनीची चौकशी नंतर केली, आधी पोराच्या आणि त्याच्या बापाच्या कपाळाकडे पाहिलं. धोंडमारीत कुणी मेलाच, तर समोरचा घाव असलेल्याला त्या तांबड्या कापडात गुंडाळून मधल्या रस्त्यानं नेत. घाव मागे असेल तर मागच्या गल्लीनं, उकिरड्यांच्या बाजूनं. त्याच्या दारी कुणी तेराव्यालाही जेवत नसे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे डोमाजी, यांच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत खूण होती. आम्ही ढिवर. मासे धरणं आणि माणसं पैलतीरी नेणं हे आमचं काम. मामाजी अबोल होते, पण वाईट नव्हते. मला काट्याच्या माशाची भीती वाटते हे कळल्यापासून ते डोंग्यातून उतरताना मूठभर झिंगे वेगळे बांधून आणायचे आणि चुलीजवळ ठेवून काही न बोलता निघून जायचे. माझ्याशी ते कधी समोरासमोर बोलले नव्हते, आणि मीही नाही. तशी रीतच होती.

माझा नवरा गुलाब त्यांच्या अगदी उलट, सदा बडबडणारा. जाळं फेकून फेकून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा झाला होता. त्याच्यासारखा हात घाटावर दुसऱ्या कुणाचा नव्हता. पळत्या घोरपडीला तो दगडानं टिपायचा. म्हणूनच मला झोप नव्हती. राखीला माहेरी गेले तेव्हा माझ्या भावानं, सुखदेवनं, सांगितलं होतं की यंदा निशाण तोडायला सावळीनं त्याला निवडलंय. तो हसत होता. आई चुलीपुढे पाठ करून बसली होती.

पोळ्याच्या दुपारी नवरा पुरणपोळी खात होता तेव्हा मी त्याला विचारलं. मी काय विचारणार हे त्याला ठाऊकच होतं.

“साळ्याले मारलं तं दिवाळीले मले ओवाळन कोन?” तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्यानं घास खाली ठेवला. “माह्या हातानं तं नाई, अनू. बाकीच्यायचं मी काय सांगू?”

ओसरीवर मामाजी जाळं विणत बसले होते. त्यांची सुई थांबली आणि पुन्हा चालू लागली, एवढं मला ऐकू आलं.

करीच्या दिवशी सकाळपासूनच ढोल सुरू झाले. बगळे झाडांवरून उठून निघून गेले. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात रांगेनं उभे, त्यांच्यामागे पायऱ्यांवर दगडांचे ढीग आणि ढिगांपाशी आम्ही बायका, आणि आमच्याजवळ वयानं मागे सरलेले पुरुष, मामाजींसारखे. पुरुषांनी मागे हात करायचा, आम्ही त्यात दगड द्यायचा. पैलतीरावरही तेच चाललं होतं. त्या रांगेत माझी आई असणार, पण एवढ्या लांबून ओळखू येत नव्हती.

पहिला दगड कुणी मारला कळलं नाही. मग आकाशात जणू पाखरांचे थवे निघाले. दगड पाण्यात पडला की धप् असा आवाज येतो आणि माणसावर पडला की वेगळा येतो. तो मी एकदा ऐकल्यावर मला आयुष्यभर पुरला. आमच्या शेजारचा एक जण तोंड धरून पायरीवर येऊन बसला. त्याच्या बोटांतून दात खाली पडले आणि त्याच्या बायकोनं ते पदरात घेतले. दुसऱ्या एकाचा गुडघा फुटला होता. त्याला ओढून वर आणलं, हळद आणि राख भरली आणि तो पुन्हा पाण्यात उतरायला निघाला, तर पाय साथ देईना. मग तो बसल्या जागेवरून शिव्या देऊ लागला. लोक हसले. मीही हसले असेन.

दुपार कलली तेव्हा सावळीच्या बाजूनं सुखदेव पाण्यात उतरला. दातांत कुऱ्हाड, उघडं अंग, केसांना हळद. आमच्या तीरावरून एकच गलका झाला. सगळ्यांनी गुलाबकडे पाहिलं. तो माझ्याच पुढ्यात पाण्यात उभा होता. त्यानं हात मागे केला, मी त्यात दगड ठेवला. हात ताणून त्यानं तो मारला. दगड सुखदेवच्या पलीकडे वावभर अंतरावर पडला.

दुसराही तसाच गेला. तिसरा त्याच्या मागे.

“गुलाब्या, जाळं टाकून राहिला का बे?” कुणीतरी ओरडलं.

“साळ्याले कोन मारते, बापा?” दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

मग ते हसणं बदललं. सुखदेव खडकाजवळ पोहोचला होता आणि सावळीच्या तीरावर ढोल वेडे झाले होते. आमच्या तीरावरचे लोक आता नदीकडे बघत नव्हते, आमच्या घरच्या माणसांकडे बघत होते. डोमाजीच्या घरात बांगड्या भरल्या, असं कुणी म्हणालं. सावळीची पोरगी आणली आणि पोरगंच सावळीचं झालं, असं एका बाईनं म्हटलं, तीसुद्धा सावळीचीच होती. मामाजी माझ्या आणि आत्याबाईंच्या मधे उभे होते. त्यांची मान हलली नाही. कपाळावरची खूण मात्र काळी पडत गेली.

सुखदेवनं खडकावर गुडघा टेकला, खोडाला मिठी मारली आणि चढू लागला. दगड त्याच्या भोवती आपटत होते. एक त्याच्या बरगडीवर बसला, तरी तो चढत राहिला. त्याचा हात कापडाला लागणार, तेवढ्यात कुणाचा तरी दगड त्याच्या जबड्यावर बसला. कुऱ्हाड निखळली. तो खोडावरून घसरला, खडकावर आपटला आणि पाण्यात गेला. पाण्याचा रंग बदललेला मला घाटावरून दिसला.

तो वर आला तेव्हा त्याला दिशा कळत नव्हती. प्रवाहानं त्याला आमच्याच बाजूला आणलं. पाण्यातल्या माणसावर दगड चालतो, असा नियम होता. लोक पुढे सरसावले.

गुलाब पोहत नाही गेला, धावत गेला. छातीएवढ्या पाण्यातून माणूस जसा धावेल तसा. त्यानं सुखदेवला बाजूनं दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि गर्रकन वळला. त्याची पाठ आमच्याकडे झाली आणि सुखदेव त्याच्या छातीआड दिसेनासा झाला.

हे वळणं आणि पुढचं घडणं यांच्यात डोळ्याचं पातंही लवत नाही. पण मी दोन्ही पाहिलं. सुखदेव उघडा होता तेव्हाच मामाजींनी न बघता हात मागे केला होता. आत्याबाईंनी न बघता त्यात दगड ठेवला होता. कित्येक वर्षांची सवय होती ती. त्यांचा हात सुटला तेव्हा समोर सुखदेवचं डोकं होतं. दगड पोहोचला तेव्हा तिथे गुलाबचं होतं.

आवाज आला तो मी आधी सांगितलाय तसा.

ते दोघे पाण्याखाली गेले. बाहेर आले तेव्हा सुखदेवनं त्याला धरलेलं होतं. माझ्या भावाचा जबडा एका बाजूला लोंबत होता, तरी त्यानं माझ्या नवऱ्याला ओढत आमच्याच घाटावर आणलं आणि पायरीवर ठेवून तो शेजारीच कोसळला. मी गुलाबचं डोकं मांडीवर घेतलं. मागे हात लावला तर बोटं आत गेली. आत्याबाईंनी मूठभर हळद आणली आणि दाबून धरली, पण हळद लाल होऊन माझ्या लुगड्यावर येत राहिली. मामाजी वरच्या पायरीवर जसे होते तसेच उभे होते, हात अजून पुढेच होता.

आणि खाली धोंडमार चालूच होती. सूर्य बुडेपर्यंत चालते ती. ढोलाच्या आवाजात मला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येईना, म्हणून मी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. जाळं आवरताना चालतात तशी त्याची बोटं थोडा वेळ चालली. ढोल थांबले तेव्हा तीही थांबलेली होती. त्या वर्षी निशाण कुणालाच मिळालं नाही; रात्री दोन्ही तीरांनी मिळून खोड पाडलं आणि भिजलेलं कापड देवळात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात तिरडी बांधायला घेतली तेव्हा बळीराम पाटील आले. मातामायचा मान त्यांच्या घराकडे होता, घाव पाहून निवाडा तेच करायचे. त्यांनी गुलाबचं डोकं उचलून मागे पाहिलं, हळू खाली ठेवलं आणि हात धुतले.

“डोमाजी, जखम मांगून हाय,” ते म्हणाले. वाईट वाटूनच म्हणाले.

गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं की पळतच होता तो. दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. ज्यांनी त्याला पाण्यातून पुढे धावताना पाहिलं होतं तेही गप्प राहिले. रीत घावाकडे बघते, धावण्याकडे नाही. चार माणसं मागच्या गल्लीकडचं फाटक उघडायला गेली.

माझ्या नवऱ्याला मी जेमतेम तीन महिने ओळखत होते. पण उकिरड्यांच्या बाजूनं त्याला नेणार हे ऐकलं तेव्हा मी उभी राहिले. पुरुषांच्या घोळक्यात सुनेनं बोलायचं नसतं. मी म्हटलं की ते पळत नव्हते, माझ्या भावाला वाचवत होते. पाटलांनी मला दटावलं नाही. साक्ष कोणाची, एवढंच विचारलं. सुखदेव ओसरीच्या कडेला बसला होता. तोंडावरून टॉवेल बांधलेला. तो घशातून आवाज काढत होता, पण शब्द होत नव्हते. आणि तो तर सावळीचा.

मी मामाजींकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“मामाजी, तुमी सांगा,” मी म्हटलं.

ते जमिनीवर बसले होते. उठले नाहीत.

“म्या मारला,” ते म्हणाले. “याले नाई. त्या पोराले मारला होता. हा मधात आला.”

लोक मागे सरकले. माणूस मेल्यानं नव्हते हादरले तेवढे या तीन-चार वाक्यांनी हादरले. बापानं लेकाला मारलं म्हणून नव्हे. कुणीतरी दगडाला नाव दिलं म्हणून. एका दगडाला नाव मिळालं तर मग आत्याबाईंच्या भावाच्या डोळ्याचं काय, त्या दातांचं काय, प्रत्येक घरातल्या प्रत्येक खुणेचं काय. मला हे तेव्हा कळलं नव्हतं. पाटलांना मात्र क्षणात कळलं.

ते मामाजींच्या शेजारी उकिडवे बसले आणि अगदी हळू, मायेनं बोलू लागले. दुःखानं माणूस काहीही बोलतो. धोंड्याला नाव नसतं, हे तुला सांगायला पाहिजे का, डोमाजी? तू बोललास ते नदीत सोड. आम्ही ऐकलंच नाही.

“अन् जखम समोरून होती असं लोकं म्हनतीन,” पाटील म्हणाले. “मी सांगीन तसं म्हनतीन. तांबडं कापड देतो. मधल्या रस्त्यानं जाईन तुहा पोरगा. सारं गाव पाया पडन.”

मी जे मागत होते ते सगळं त्या एका वाक्यात होतं. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी देवळाकडे धावलंही. मला आठवतं, सुटका झाल्यासारखं अंगण सैल झालं.

मामाजींनी डोकं वर केलं. “सुनेले इचारा,” ते म्हणाले. “तिचं कपाळ गेलं.”

कापड आलं. नदीच्या पाण्यानं अजून ओलं होतं, कडेला पळसाच्या सालीचा तंतू चिकटलेला होता. पाटलांनी ते माझ्यापुढे धरलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

मला एकच दिसत होतं. हे कापड अंगावर पडलं की गुलाब पळपुटा राहणार नाही, पण तो सुखदेवसाठी वळलाही नव्हता असं होईल. त्यानं आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्या मागच्या जखमेत होती, आणि तीच झाकायला सगळे एवढे तयार झाले होते.

“कापड नको,” मी म्हटलं. “मधल्या रस्त्यानंच न्या. पन पालथे न्या त्यायले.”

पाटील उभे राहिले. असं कुणी नेत नाही, ते म्हणाले. अपशकुन आहे, मुक्ती मिळत नाही. त्यांच्याबरोबर आलेले निम्मे लोक फाटकातून बाहेर पडले. तिरडीच्या बाजूला जे उरले त्यांनीही बांबूला हात लावला नाही.

मामाजी उठले. त्यांनी एकट्यानं लेकाच्या खांद्याखाली हात घातले आणि त्याला उलटवलं. नीट, बाळाला कुशीवर वळवावं तसं. चेहरा डावीकडे केला, दोरी आवळली. मग पुढचा बांबू खांद्यावर घेतला. शेजारचा बांबू सुखदेवनं घेतला. मागे थोड्या वेळानं दोघे आले, एक त्यांतला तो गुडघा फुटलेला, लंगडत.

धोंडमार अजून होते. दरवर्षी होते. सुखदेवची नातवंडं तिचे फोटो मोबाइलवर दाखवतात आणि मी चष्मा नाही म्हणून सांगते.

त्या सकाळी आम्ही मधल्या रस्त्यानं निघालो. दारादारांत माणसं उभी होती. तिरडी जवळ आली की ती आधी बघायची, मग खाली बघायची. पळपुटा हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. दुसराही कुठला शब्द आला नाही. वेशीपर्यंत बायकांना जाता येतं, म्हणून मी आणि आत्याबाई तिरडीच्या दोन बाजूंनी चालत होतो. नदीकडून वारा सुटला होता. त्यानं गुलाबचे केस उडून जखमेवर आले. आत्याबाईंनी पदर सावरला, हात लांब केला आणि चालता चालता ते केस बाजूला केले, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं.